अत्तरमामा आणि पिपाणीचा पिंजरा

लाँड्रीच्या काउंटरवर बसणाऱ्या त्या गृहस्थांचं खरं नाव विचारलं असतं, तर लाँड्रीच्या मालकालाही डोकं खाजवावं लागलं असतं. सगळ्या गल्लीचे ते अत्तरमामा. मामा जिन्याच्या पहिल्या पायरीवर असायचे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांना कळायचं, लाँड्री बंद झाली, मामा घरी आले. रुमालाला अत्तर, कॉलरला अत्तर, मानेला पावडरीचा थर. "आधी मामा येतात की मामांचा वास, लागली पैज?" अशी थट्टा व्हायची. मामा हसायचे. आपल्यावरचे विनोद आपणच पुढे नेऊन सांगणाऱ्यांतले ते होते.

तसा माणूस अगदी नाकासमोर चालणारा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. गिऱ्हाइकाच्या कोटाच्या खिशात सुटं बटण सापडलं तरी ते कागदात गुंडाळून कोटाला टाचणार. फक्त एक गोष्ट त्यांनी जगापासून लपवून ठेवली होती. ज्या नाकासमोर ते इतकी वर्षं सरळ चालत आले, त्या नाकानं त्यांची साथ कधीच सोडली होती. अत्तरमामांना वास येत नव्हता. गुलाबाचा नाही, गटाराचा नाही, स्वतःच्या अत्तराचाही नाही.

बायको गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांना मोठा ताप आला होता. ताप उतरला, अशक्तपणाही गेला, पण चहा नुसतं गोड गरम पाणी लागायला लागला. आजारपणात तोंडाची चव गेली असेल म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. मग एका संध्याकाळी त्यांनी बायकोचा लोकरी स्वेटर पेटीतून बाहेर काढला. अधूनमधून काढायचे, त्यात तोंड खुपसून बसायचे, पुन्हा घडी घालून ठेवायचे. त्या दिवशी स्वेटरमध्ये काहीच नव्हतं. झालं, मामांना वाटलं, इतके दिवस तिचा वास पुरला, आता उडाला. ते बराच वेळ तसेच बसून राहिले. स्वयंपाकघरातून धुराचा लोट आला तेव्हा ते उठले. दूध करपून भांडं काळं ठिक्कर पडलं होतं, आणि बाजूच्याच खोलीत बसून त्यांना वास म्हणून आला नव्हता. स्वेटर बिचारा होता तसाच होता. गेलं होतं ते नाक.

सांगणार कुणाला? लाँड्रीच्या काउंटरवर निम्मं काम नाकाचं. कपडा हातात आला की तो घामट आहे की कुबट, डाग तेलाचा की दारूचा, हे कापड उचलतानाच कळावं लागतं. धुऊन परत देतानाही एकदा नाकाला लावून बघावं लागतं. मामांनी युक्त्या शोधल्या. "डाग कशाचा म्हणालात?" असं गिऱ्हाइकालाच विचारायचं. धुतलेला शर्ट नाकाशी नेऊन मान डोलवायची. ते नाटक जमून गेलं. पण दुसरी एक भीती त्यांना आतून कुरतडत राहिली. आपल्या अंगाला वास येत असेल तर? घराला येत असेल तर? एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घराला येतो तसा? लोक तोंडावर थोडेच सांगतात! म्हणून मग अत्तर. आणि किती लावलं ते कळायला मार्ग नाही, म्हणून आणखी थोडं अत्तर.

असे दिवस चालले असताना मामांच्या घरी पिपाणी आली.

पिपाणी म्हणजे मामांच्या भाचीचं गिनिपिग. मुठीपेक्षा थोडं मोठं, शेपूट नाही, अर्धं तपकिरी अर्धं पांढरं, जणू कुणी चहाच्या कपात अर्धंच बुडवून काढलंय. भूक लागली की ते इतक्या तारस्वरात शिट्टी मारायचं की भाचीनं त्याचं, म्हणजे तिचं, नाव पिपाणी ठेवलं. भाची दातांच्या कवळ्या बनवण्याचं काम शिकत होती. शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यासाठी तिला दुसऱ्या शहरात जायचं होतं आणि तिथल्या वसतिगृहात प्राणी चालत नव्हते. तिची आई म्हणजे मामांची थोरली बहीण, अक्का. अक्कानं आधीच हात झटकले होते.

"मी उंदीर मारायला पिंजरा आणते, पाळायला नाही," अक्का फोनवर म्हणाली होती. "तुला हौस असेल तर ठेव. पण सांगून ठेवते, घराला घाण सुटेल. मग मी येणार नाही राहायला."

भाची पिंजरा, भुश्याची पिशवी, पाण्याची बाटली आणि खुद्द पिपाणीला घेऊन मामांकडे आली. खाली पसरट प्लॅस्टिकचा ट्रे, वर तारेची जाळी, कोपऱ्यात लपायला लाकडी खोका. तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. ओला झालेला भुसा रोज काढायचा. आठवड्यातून एकदा सगळा पिंजरा रिकामा करून कोमट पाण्यानं आणि भांड्यांच्या साबणाच्या दोन थेंबांनी धुवायचा, खडखडीत वाळवायचा, मगच नवा भुसा घालायचा.

"अगं, सगळ्या गल्लीचे कपडे स्वच्छ केले मी," मामा म्हणाले. "एक पिंजरा नाही का होणार?"

"तसं काही अवघड नाही, मामा. आणि मध्येच वास यायला लागला की समजायचं, आठवड्याची वाट न बघता भुसा बदलायचा. नाक सांगतंच आपल्याला."

मामांनी मान डोलावली. शर्ट नाकाशी धरून डोलवायचे अगदी तशीच.

पहिले काही दिवस दोघांनी एकमेकांकडे संशयानं पाहण्यात घालवले. मामा जवळ गेले की पिपाणी खोक्यात पसार. पण काकडीपुढे कुणाचा ताठा टिकतो? दारात किल्लीचा आवाज झाला की आतून शिट्टी ऐकू यायला लागली. मामा चप्पल काढायच्या आधी म्हणायचे, "आलो गं बाई, आलो, सगळा मजला गोळा करू नकोस." पुढे ते तिला दिवसभराचा वृत्तांत सांगायला लागले. कुणी कोटाच्या खिशात उकडलेलं अंडं विसरलं, कोणती नवरी लग्नाचा झगा आणून देताना रडली. पिपाणी गाजर कुरतडत ऐकायची. बायको गेल्यापासून त्या घरात मोठ्यानं बोललेलं पूर्ण वाक्य असं नव्हतंच. आता होतं.

मामांच्या समोरच्या दारात एक बेकरीवाली राहायची. पहाटे उठून पाव भाजायला जाणारी, दुपारी परत येऊन झोपणारी, उंचीनं आणि आवाजानं भक्कम बाई. बोलणं असं की एक घाव दोन तुकडे. एके दिवशी ती मामांच्या नावानं चुकून तिच्याकडे आलेलं पार्सल द्यायला आली. मामांनी दार उघडलं. बेकरीवालीनं पार्सल पुढे केलं, एक श्वास घेतला, आणि तिचं नाक मुरडलं. अगदी क्षणभर. मग काही न बोलता ती वळली आणि गेली.

मामांनी दार लावून घेतलं. अक्का म्हणाली तेच झालं. घराला घाण सुटली, आणि आपल्याला पत्ता नाही.

त्या दिवसापासून त्यांनी पिंजऱ्याच्या सफाईत काही बाकी ठेवलं नाही. आठवड्याचं काम रोजचं झालं. साबणाच्या दोन थेंबांवर त्यांचा भरवसा उरला नाही. फरशी पुसायचं सुगंधी औषध आलं, त्यानं ट्रे पुसला जाऊ लागला. ताज्या भुश्यावर पावडर शिंपडली गेली. लाकडी खोक्याच्या छपराला, देवाशपथ, अत्तराचं बोट लागलं. पिपाणी शिंकायला लागली. एवढ्याशा जीवाच्या एवढ्याशा शिंका, कागदाला टाचणी टोचावी तशा. मामांना वाटलं, सर्दी झाली. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. हौसेनं खाणारी पिपाणी अर्धी काकडी टाकून कोपऱ्यात जाऊन बसायला लागली. माणसाचं हित करायच्या नादात त्याचं वाटोळं कसं करावं, याचा हा अगदी साग्रसंगीत नमुना होता. फरक इतकाच की इथे माणसाच्या जागी गिनिपिग होतं.

मग अक्काचा फोन आला. "रविवारी येते दोन दिवस. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दाखवायचंय."

शनिवारी लाँड्रीला अर्धी सुट्टी होती. जेवण उरकून मामा बाह्या सरसावून तयार झाले. ट्रेच्या कोपऱ्यात एक पांढरट थर साचला होता. गिनिपिगाच्या मुताचा तसा थर धरतोच, खडूसारखा, घासून निघत नाही. मामांच्या डोळ्यांना तो सलत होता. त्यांनी ट्रे बाथरूममध्ये नेला. पिपाणीला एका बादलीत जुना टॉवेल घालून ठेवलं आणि बादलीही सोबत घेतली, एकटीला भीती वाटायला नको म्हणून. गार वारा लागू नये म्हणून खिडकी बंद, दार लोटलेलं.

आधी त्यांनी त्या थरावर संडास साफ करायचं औषध ओतलं. थर थोडा सुटला, थोडा राहिला. त्यांनी वरवर पाणी मारलं. मग कपाटातून ब्लीचची बाटली काढली. पांढऱ्या कपड्यांना लावतात तीच. ब्लीचमध्ये दुसरं काही मिसळू नये, हे लाँड्रीतल्या धुलाईच्या माणसांकडून त्यांनी ऐकलेलं होतं. पण मामांची जागा काउंटरवर, धुलाई मागच्या खोलीत. शिवाय आपण मिसळतोय कुठे, पाणी मारलंय की, असं त्यांना वाटलं. कोपऱ्यात, थराच्या खाली, औषध शिल्लक होतं. त्यावर ब्लीच पडलं.

नाक शाबूत असलेला माणूस तिथून त्याच क्षणी ओरडत बाहेर पळाला असता. मामा घासत बसले. डोळे चुरचुरले, त्यांना वाटलं साबण उडाला. घशात काटे आल्यासारखं झालं, ते खोकले. पुन्हा खोकले. मग खोकला थांबेना. आणि त्या खोकल्याच्या मध्ये कधीतरी त्यांच्या लक्षात आलं, की बादलीतून आवाज येत नाहीये. इतका वेळ टॉवेल खसखसत होता. आता शांत होतं.

त्यांनी वाकून पाहिलं. पिपाणी कुशीवर पडली होती. तोंड उघडं, पोट भराभर वरखाली होत होतं.

तेवढ्यात बाहेरून दार बडवल्याचा आवाज आला. बेकरीवाली झोपेतून उठून आली होती. "अहो मामा! काय सांडलंय घरात? जिन्यात उभं राहवत नाही! मामा!"

मामांनी बादली छातीशी धरली, भिंतीला धरत धरत येऊन कडी काढली. बेकरीवालीनं त्यांचे लाल डोळे पाहिले, बादलीत पाहिलं. मामांना दंडाला धरून जिन्यात ओढलं. पदर तोंडाला लावून ती आत गेली, खोलीची खिडकी सताड उघडली, बाथरूमचं दार बाहेरून घट्ट ओढून घेतलं आणि खोकत बाहेर आली.

"चला."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? दोघांनाही डॉक्टर हवाय. हिला आधी. तुम्ही निदान उभे तरी आहात."

बेकरीची माल पोचवायची छोटी गाडी खाली उभी होती. रिकाम्या ट्रेच्या खडखडाटात, काचा खाली करून, ती मामांना आणि बादलीला घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात आली. तिथली डॉक्टर तरुण होती, केस घाईनं बांधलेले, अंगात मांजरांनी ओरबाडलेला एप्रन. तिनं पिपाणीला उचललं, छातीला नळी लावली आणि मदतनिसाला हाक मारली. पिपाणीला एका छोट्या काचपेटीत ठेवून आत प्राणवायू सोडला. मग ती मामांकडे वळली.

"नक्की काय वापरलंत? खरं सांगा, म्हणजे मला उपाय करता येईल."

मामांनी सांगितलं. आधी हे, मग ते, खिडकी बंद, बादली जमिनीवर.

"ही दोन एकत्र आली की विषारी वायू होतो, काका. आणि तो जड असतो, खाली साचतो. तुमच्यापेक्षा जास्त बादलीत साचला असणार. हिची फुप्फुसं बघा केवढी, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी." ती चिडलेली नव्हती, पण तिला समजत नव्हतं. "पण असा वास तर माणसाला उभं राहू देत नाही. तुम्ही आत बसलात कसे? वास आला नाही?"

मामांनी बेकरीवालीकडे पाहिलं. भिंतीवरच्या कुत्र्यांच्या चित्राकडे पाहिलं. काचपेटीत एक तपकिरी कान हलत होता. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. मामांचं तोंड उघडायला इतकी वर्षं लागली.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "कशाचाच. मोठा ताप आला होता, तेव्हापासून."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "कुणाला माहीत आहे का हे?"

"आता तुम्हा दोघींना."

बेकरीवाली खुर्चीत बसली होती ती पुढे झुकली. "म्हणून तुम्ही अत्तरात आंघोळ करता होय?"

"अंगाला वास येत असला तर मला कळणार नाही ना," मामा म्हणाले. "घरालाही. तुम्ही त्या दिवशी पार्सल घेऊन आलात, दारात नाक मुरडलंत. मला वाटलं, पिंजऱ्याची घाण तुमच्यापर्यंत आली. म्हणूनच मी हे सगळं…"

ते काचपेटीकडे वळले.

बेकरीवालीनं कपाळावर हात मारला. "अहो देवा! पिंजऱ्याचा कुठला हो? मला तर तुमच्या घरात प्राणी आहे हेसुद्धा शिट्टीमुळे कळलं. नाक मुरडलं ते तुमच्या अत्तराला! मी पहाटेपासून भाजत्या पावाजवळ असते, माझं नाक कुत्र्यासारखं तिखट झालंय. तुमचं दार उघडलं आणि मला ठसकाच लागला. म्हटलं म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं. बोलले असते तर बरं झालं असतं."

मामांना हसावं की रडावं कळेना. दोन्ही थोडं थोडं झालं, आणि वर खोकला आला. डॉक्टरनं त्यांना पाणी दिलं. "काका, ही रात्रभर इथेच राहील. आत्ता काही वचन देत नाही मी, पण श्वास जरा सुधारतोय. तुम्ही मात्र इथून थेट माणसांच्या दवाखान्यात जा. तुमचीही छाती तपासायला हवी." बेकरीवालीकडे बघून ती म्हणाली, "घेऊन जाल ना यांना?"

"नेल्याशिवाय सोडतेय होय मी!"

मामांच्या छातीला फार काही झालं नव्हतं. औषधं मिळाली, ताकीद मिळाली. घरी आल्यावर बेकरीवालीनं स्वतःची खिडकी उघडून त्यांना आपल्याकडे बसवलं, समोर सूप ठेवलं, आणि घर मोकळं होईपर्यंत हलू दिलं नाही. तिथूनच मामांनी भाचीला फोन लावला. तिच्यापासून लपवून ठेवावं असं एकदा मनात येऊन गेलं. पण एक लपवाछपवी केवढ्याला पडली ते नुकतंच पाहिलं होतं.

त्यांनी सगळं सांगितलं. भाची आधी रडली, मग रागावली.

"मामा, मी पिंजऱ्याचं सांगत होते तेव्हा का नाही बोललात? मी म्हटलं होतं, नाक सांगेल म्हणून!"

"लाज वाटली गं."

"कसली लाज? चष्मा लागला तेव्हा वाटली होती का?" तिचा आवाज पुन्हा भरून आला. "म्हणजे मी मागच्या वर्षी तुमच्यासाठी तो साबण आणला, चंदनाचा. तुम्ही किती वेळ हुंगत होतात. म्हणालात, वा, काय वास आहे."

"साबण चांगला होता," मामा म्हणाले. "फेस भरपूर यायचा."

फोनच्या त्या टोकाला भाची हसली की हुंदका दिला ते मामांना नीट कळलं नाही. पण थोड्या वेळानं ती म्हणाली, "पिपाणीला काही झालं तरी मी तुमच्यावर रागावणार नाही. पण मला असं काही पुन्हा लपवलंत, तर मात्र रागावेन."

दुसऱ्या दिवशी अक्का आली तेव्हा घराच्या खिडक्या उघड्या होत्या, पिंजरा रिकामा होता आणि भाऊ अत्तराशिवाय दारात उभा होता. तिनं सगळं ऐकलं. नेहमीसारखी तडतड करेल असं मामांना वाटलं. पण अक्का खुर्चीत बसून एवढंच म्हणाली, "मला वाटायचं, तू एकटा राहून विक्षिप्त झालायस." मग डोळ्यांना पदर लावला आणि पाण्याचा दोष डोळ्यांच्या दुखण्यावर ढकलून दिला.

पिपाणी वाचली. एका रात्रीचे दोन दिवस झाले, दोनाचे चार. मामा लाँड्री सुटली की दवाखान्यात जाऊन काचपेटीसमोर बसायचे. चौथ्या दिवशी तिनं त्यांच्या हातची काकडी खाल्ली. घरी न्यायच्या वेळी डॉक्टरनं त्यांना बसवून घेतलं आणि पिंजरा धुवायचा कसा ते पहिल्यापासून शिकवलं. ह्या वेळी मामांनी मान डोलावली नाही, प्रश्न विचारले.

"धुताना हिला कुठे ठेवू?"

"दुसऱ्या खोलीत, झाकण असलेल्या खोक्यात, हवेला भोकं पाडून. धुवायच्या जागी कधीच नाही. आणि खिडकी उघडी."

"तो पांढरा थर?"

"साधा व्हिनेगर, तितकंच पाणी. ओतून ठेवायचं, चहा पिऊन यायचं, मग घासायचं. आपोआप सुटतो. त्यानंतर भरपूर पाण्यानं धुवायचं. ब्लीच घरातून काढूनच टाका, म्हणजे व्हिनेगरशी गाठ पडायला नको. सुगंधी काही नको. हिला सगळं जग नाकानं कळतं, काका. तुम्ही रोज सगळं धुऊन वर अत्तर लावत होतात, म्हणजे हिला रोज एका नव्या परक्या घरात नेऊन सोडत होतात. पिंजरा धुतलात तरी जुन्या भुश्यातला मूठभर कोरडा, स्वच्छ भुसा परत घालायचा. म्हणजे हिला ओळख पटते."

मामांच्या डोळ्यांसमोर पेटीतला तो स्वेटर आला असावा. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "आणि घाण झालीय हे मला कळणार कसं?"

"हातानं बघा," डॉक्टर म्हणाली. "ओल हाताला लागते. हात मात्र साबणानं धुवायचे, आधी आणि नंतर दोन्ही वेळा."

हाताचा उपाय मामांनी घेतला. वर स्वतःची भर घातली. लाँड्रीत इस्त्रीच्या शर्टाच्या घडीत घालतात तो पांढरा कागद त्यांनी भुश्याखाली अंथरायला सुरुवात केली. रोज सकाळी एक कोपरा उचलून बघायचा. कागद पिवळा दिसला की तेवढा भाग बाहेर. आणि शनिवारी, सगळा पिंजरा धुऊन वाळला की, समोरच्या दारावर टकटक करायची. बेकरीवाली यायची, गुडघ्यावर हात टेकून पिंजऱ्यात वाकायची आणि निकाल द्यायची. "पास." किंवा, "तो डावा कोपरा पुन्हा घ्या." एकदा म्हणाली, "पिंजरा पास. स्वयंपाकघरातला कांदा नापास, तो आधी फेका."

मालकाला सांगणं सगळ्यात जड गेलं. मालक माणूस वाईट नव्हता, पण धंदा धंदा असतो. त्यानं मामांना काउंटरवरून उठवलं आणि मागच्या खोलीत चिठ्ठ्या टाचायला आणि निसटलेली बटणं लावायला बसवलं. काउंटरवर नवी मुलगी आली. मामांना ते लागलं. गिऱ्हाइकांची तोंडं, गप्पा, झगा आणून देणाऱ्या नवऱ्या, सगळं भिंतीपलीकडे गेलं. घरी आल्यावर पिपाणीला सांगायला त्यांच्याकडे बातम्या कमी उरल्या. पण नाटक संपलं होतं. कपडा नाकाशी धरून मान डोलवायची नव्हती. कधी नवी मुलगी आत डोकावून विचारायची, "मामा, हा डाग शाईचा की गंजाचा?" मामा चष्मा वर करून, बोटानं कापड चोळून सांगायचे. ते त्यांना अजून येत होतं.

नाकाच्या डॉक्टरांकडेही भाचीनं त्यांना पाठवलं. त्यांनी तपासलं आणि फार आशा ठेवू नका म्हणाले. मामांनी ठेवलीही नाही.

भाचीचं शिक्षण संपलं, तिला तिथेच नोकरी लागली. पिपाणीला न्यायला ती आली, दोन दिवस राहिली, मामा पिंजरा धूत असताना तिनं शेजारी बसून पाहिलं, आणि जाताना पिपाणीला न घेताच गेली. उलट पुढच्या महिन्यात तिनं एक काळं गिनिपिग पाठवलं, मादीच, पिपाणीला सोबत म्हणून. ही जात एकटी राहिली की खंगते, असं तिनं सांगितलं. मोठा पिंजरा आला. काम दुप्पट झालं. मामांनी कुरकुर केली आणि भुश्याची मोठी पिशवी आणली.

अत्तर त्यांनी सोडलं. गल्लीतली मुलं मात्र अजून अत्तरमामाच म्हणतात. नावं अशी सहजी थोडीच धुऊन निघतात!

एका शनिवारी पिंजरा उन्हात वाळत होता. दोघी खोक्यात खुडबुडत होत्या. बेकरीवाली तपासणीसाठी आली होती आणि ट्रे ओला म्हणून वाट बघत खुर्चीत टेकली होती. मामांनी पिपाणीला उचलून तिच्या हातात दिलं.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "हिचा वास कसा आहे?"

बेकरीवालीनं पिपाणीला नाकाशी धरलं. घाई केली नाही. तिनं डोळे मिटले, पुन्हा एकदा श्वास घेतला.

"वाळलेल्या गवताचा," ती म्हणाली. "त्यात थोडी काकडी. आणि मागे कुठेतरी… ऊबदार काहीतरी. लहान मुलाच्या टाळूला येतो ना, तसा."

मामांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि काळीचा?"

"आणा इकडे," बेकरीवाली म्हणाली आणि दुसरा हात पुढे केला.